शेपटाच्या घराचं पाणी

आमच्या आळीत फळी हातात आली की कुणी 'माझा डाव आला' असं म्हणत नसे. 'माझं पाणी आलं' म्हणत. बाद झालेल्याला बाद म्हणायचं नाही, 'दार पडलं' म्हणायचं. आणि चेंडू गटारात गेला की सगळ्यांनी मिळून 'फुटला रे फुटला!' अशी आरोळी ठोकायची, पाटाचा बांध फुटल्यावर शेतात ठोकतात तशी. बाहेरगावचा एखादा पोरगा मामाकडे आला आणि आमच्यात खेळायला उतरला, तर त्याला बराच वेळ उमगत नसे की ही बारामतीची पोरं चेंडूफळी खेळतायत की भुईमूग भिजवतायत.

हे सगळं पाटकरी आबांमुळं.

आबा कालव्यावर पाटकरी होते. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी एकेका शेताला सोडायचं, याचं दार उघडायचं, त्याचं टाकायचं, बांध कुणी फोडला तर शिव्या घालायच्या, हे त्यांचं काम. मी त्यांना पाहिलं तेव्हा नोकरी त्यांना सोडून गेली होती, पण ते काही नोकरीला सोडायला तयार नव्हते. खात्याचा खाकी कोट चैत्रातल्या उन्हातसुद्धा अंगात. पायांना पोलिसांसारख्या गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या. हातात काठी. आळीच्या मधून ते कधी चालले नाहीत. गटाराच्या कडेकडेनं चालायचे, काठीनं पाला दूर करत, तुंबलेलं वाहतं करत. एखाद्या बाईनं मोरीत बादली ओतली की आबा थांबायचे आणि ते पाणी कुठवर जातंय ते बघत उभे राहायचे. मध्येच जिरलं तर माघारी येऊन तिची कडी वाजवायचे.

"वैनी, पानी अर्ध्यात ऱ्हायलं. आनिक एक बादली वता."

"आवं आबा, सांडपानी हाय ते!"

"सांडपान्याला काय पोचावंसं वाटत न्हाय व्हय?"

आणि बाई हसत हसत ओतायचीही. आबांशी वाद घालण्यापेक्षा बादली भरणं सोपं होतं.

दुपारी ते मारुतीच्या पारावर आडवे व्हायचे, कान दगडाला लावून. मध्येच डोळे न उघडता सांगायचे, "सोडलं. आता सोडलं बगा वरनं. संध्याकाळपातूर हितं येतंय." लोक म्हणत, आबांना कालव्याचं पाणी जमिनीतून ऐकू येतं. मलाही ते खरं वाटे. मीही त्यांच्याशेजारी कान लावून बसत असे, आणि मला नुसतं ऐकूच येत नसे, तर पाण्यात मासे किती आहेत हेही कळत असे! आता सांगायला हरकत नाही, आबांचं भाकीत मी कधी खरं झालेलं पाहिलं नाही. ते म्हणाले आलं की हमखास कालवा कोरडा असायचा. पण चुकले म्हणून त्यांनी कान उचलला नाही आणि मीही नाही.

आबांचं एक वेड मात्र सगळ्या वेडांचं मूळ होतं. कालव्यावर पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करायची असते. पाटाचं तोंड असतं तिथल्याला पाणी आयतंच दिसतं, हात घातला की मिळतं. शेपटाला असतो त्याला ते येईल तेव्हा खरं. म्हणून आधी शेपटाचं शेत भिजवायचं आणि मग एकेक दार टाकत तोंडाकडं यायचं. हा नियम सरकारी होता आणि बाकीचे पाटकरी तो कालव्यावर ठेवून घरी येत. आबा तो घरीसुद्धा घेऊन आले.

न्हाव्याच्या झाडाखाली माणसं बसलेली असली की आबा जाऊन सांगायचे, सगळ्यात मागाहून आलाय त्याची आधी कर. आता मागाहून आलेले बहुतेक वेळा तेच असत. स्वतःसाठी स्वतःच नियम लावणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते तसेच घरी जायचे. त्यामुळं आबांची दाढी कायम वाढलेली. आळीच्या तोंडाशी गुळाचे अडते राहत. त्यांच्या लेकीच्या लग्नात आबा वाढप्यांच्या पुढं काठी आडवी धरून उभे राहिले, "शेपटाकडनं सुरू करा." बुंदीची पातेली आधी मांडवाबाहेर बसलेल्या गाडीवानांच्या पंगतीला गेली. गाडीवानांनी उभ्या जन्मात बुंदी अशी पहिल्यांदा बघितलेली. पातेली परत आली तेव्हा नवऱ्याच्या बापाच्या पानावर पडायला बुंदीचे चार दाणे आणि पुष्कळसा पाक उरला होता. अडत्यांनी पुढं वर्षभर आबांचा रामराम घेतला नाही. आबांच्या ते ध्यानातही आलं नसावं.

तर त्या आळीच्या तोंडाला अडत्यांचं घर आणि पार शेवटाला, जिथं आळी कऱ्हेच्या पात्रात उतरून संपते, तिथं आमचं. वरच्या टोकाला गुळाचा वास, आमच्या टोकाला ओल्या वाळूचा. माझे वडील त्याच अडतीत काट्यावर होते. अडत्यांचा बाळू माझ्याहून थोडा मोठा. पुण्याहून आणलेला खरा रबरी चेंडू साऱ्या आळीत एकट्या बाळूकडे. म्हणून पहिला डाव बाळूचा, शेवटचा डाव बाळूचा, आणि मध्ये बाळूला वाटलं तर तोही बाळूचा. आम्ही बाकीचे गटारातून चेंडू काढण्यासाठी जन्माला आलो होतो.

एकदा आबा हे बघत उभे राहिले. चांगला वेळ बघितलं आणि काठी घासलेटच्या डब्यावर आपटली. तो डबा म्हणजे आमची यष्टी.

"ह्ये काय चाललंय? तोंडालाच सगळं पानी?"

बाळू म्हणाला, "चेंडू माझा हाय."

"पानी सरकारचं आसतंय."

"पानी न्हाय, चेंडू! माझ्या बाबांनी आनलाय."

"कालवाबी कुनाच्या तरी बापानंच आनला आसंल. म्हून काय तेनंच उपसायचा?"

बाळू चेंडू खिशात घालून घरी गेला. आम्ही हिरमुसून बसलो. आबा पारावर बसले, उजव्या पायाची पट्टी सोडली आणि ती गुंडाळायला लागले. आत चिंचोका, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मग पट्टीचे वेढे, वेढ्यांवर सुतळी. संध्याकाळी आळीला स्वतःचा चेंडू होता. तो बाळूच्या चेंडूच्या निम्मासुद्धा उसळत नसे, पण त्याला मालक नव्हता. त्या दिवसापासून आबांचा एक पाय बांधलेला आणि एक उघडा. चारच दिवसांत बाळूही परत आला आणि मुकाट्यानं आपल्या जागी, म्हणजे शेवटी, उभा राहिला.

नियम ठरले. प्रत्येक घराला एक पाणी. शेपटाच्या घरापासून सुरू, तोंडाच्या घराशी संपणार. दिवेलागणीला खेळ जिथं थांबेल, तिथून दुसऱ्या दिवशी पुढं. आणि महत्त्वाचं म्हणजे पाणी घराचं, माणसाचं नव्हे. एखादा पोरगा तापानं फणफणला असेल तर त्याच्या जागी घरातलं कुणीही यावं.

या शेवटच्या नियमावर माझं सगळं कर्तृत्व उभं आहे. माझा भाऊ शिकायला पुण्याला काकांकडे गेला आणि आमच्या घराचं पाणी घ्यायला कुणी उरलं नाही. पोरं म्हणाली, शेपटाचं घर वगळा.

"वगळा?" आबा म्हणाले. "घर हाय तितं. धूर निगतोय. घरात हाय कोन?"

"चिंगी हाय. पोरगी."

"मंग चिंगीचं पानी."

अशी मी खेळाडू झाले. मी फार सुंदर खेळत असे, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. तळहातांवर थुंकून ते चोळायची, वेणी परकराच्या नाडीत खोचायची, एक डोळा बारीक करून समोरच्याला धमकावायची. एवढं सगळं झालं की दोन्ही डोळे गच्च मिटायची. चेंडू डब्यावर धडाड वाजला की मग मी फळी फिरवायची. मला वाटे, थोडक्यात हुकलं. पोरं म्हणत, "चिंगीचं पानी म्हंजे नुसता फेस." मी त्यांच्याकडं, मोठी माणसं लहानांकडं बघतात तशी, दुर्लक्ष करून बघायची.

पोरं मला सहन करत याचं खरं कारण वेगळंच होतं. फळी आमच्या घरची होती. फळी म्हणजे माझ्या आईचं धुण्याचं धोपटणं. सकाळी आई त्यानं कऱ्हेच्या दगडावर वाकळा बडवी, आणि संध्याकाळी आम्ही ते मोरीच्या कोपऱ्यातून पळवत असू.

"ह्येला खळगं कशानं पडलं गं?" आई कधीतरी ते उजेडात धरून विचारायची.

"उंदरानं खाल्लं आसंल," मी सांगायची.

आई ते परत मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची. आई कमीच बोलायची. तिचं माहेर इंदापूरकडचं, कळंबजवळचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आळीत ती पदर डोक्यावर घेऊन, भिंतीच्या कडेनं जायची. आबा समोरून आले तर थांबून त्यांना वाट द्यायची. त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी पाहिलेलं नव्हतं.

नोकरी का गेली हे आबा सांगत नसत. आळीत तऱ्हेतऱ्हेचं बोललं जाई. कुणी म्हणे, एका बड्या बागायतदाराचं दार त्यांनी साहेबाच्या देखत टाकलं. कुणी म्हणे, झोप लागली आणि बांध फुटला. मी एकदा सरळ विचारलं. पारावर आम्ही दोघंच कान लावून पडलो होतो. आबा कान न उचलता म्हणाले, "खाली इंदापूरकडं एक शेपूट व्हतं बग. तेंची पाळी आली का वरची मान्सं पाट फोडायची. मी जाऊन बगितलं तर एक बाई कोरड्या पाटात हात घालून बसलेली. म्या म्हनलं, बाये, काय करतीस? तर म्हनली, आलं तर आदी माज्या हाताला कळंल."

"मग आलं का?"

"झोप आता," आबा म्हणाले. मी झोपलेही. त्या वयात गोष्टीचा शेवट सांगितला नाही तर माझा समज असा की ती छानच संपली असणार.

तेव्हाच्या आळीची आठवण आली की मला सगळ्यात आधी दिसतो तो उजेड. सूर्य अडत्यांच्या माडीमागं गेलेला, गुळाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ खाली बसायला तयार नाही, आणि त्या सोनेरी धुळीतून एक खाकी चेंडू अगदी सावकाश माझ्याकडं येतोय. इतका सावकाश की आत्ता, या वयातही, मी तो आरामात टोलवीन. तेव्हा मात्र डोळे मिटलेले.

आणि मग पाडवा आला. वडिलांनी जेवता जेवता सांगितलं, पाडव्यापासून चिंगीला लुगडं. रस्त्यावर जायचं नाही, फळी तर हातात धरायचीच नाही. अडत्यांनी त्यांना काट्यावर विचारलं होतं म्हणे, "तुमची पोर अजून पोरांत खेळती का हो?" आई ताटात भाकरी वाढत होती. ती वाढतच राहिली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी धोपटणं घेऊन धावत सुटले. आमच्या आळीचं पाणी आदल्या संध्याकाळी मधल्या घराशी थांबलं होतं. म्हणजे आधी वरची निम्मी आळी, तिच्या शेवटी बाळू, आणि त्याचं दार पडलं तरच फिरून शेपटाचं घर.

"आबा, आज मला आदी द्या."

"का?"

"उद्यापासनं मला लुगडं हाय. मी न्हाय यायची. ह्येच शेवटचं."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, देणार. मग त्यांनी काठी जमिनीत रोवली.

"मधनं पानी न्हाय देता येत, चिंगे."

"एकदाच!"

"समदी एकदाच म्हनत्यात. तोंडवाली बी."

"मी शेपटाची हाय! तुमीच म्हनता!"

"शेपटाला पयलं देतो. मधनं कुनालाच न्हाय."

मी इतकी चिडले की काय बोलतेय ते कळेना. "तुमाला काय बी ऐकू येत न्हाय! कालव्यात पानी नसतंय तरी आलं म्हनता! लबाड!" आबा वर बघून म्हणाले, "दीस चाललाय. लवकर घ्या रं."

पोरं खरोखरच लवकर आटपली. माझ्यावरच्या मायेनं नव्हे हो. बाजारात साखरेच्या गाठी आल्या होत्या आणि प्रत्येकाला तिकडं पळायचं होतं. कुणी वेडीवाकडी फळी मारून दार पाडून घेतलं, एकानं तर "माझं पानी पुढं जाऊ द्या" म्हणून फळी खाली टाकली. सूर्य माडीच्या कठड्याला टेकला तेव्हा बाळू उभा राहिला. आणि उभाच राहिला. मारायचा नाही, नुसता अडवायचा. चेंडू आला की धोपटणं टेकवायचं, पायाशी मारायचा आणि माझ्याकडं बघून दात काढायचे.

"चिंगे, आज तुजं पानी कऱ्हेला!"

धुळीचं सोनं गेलं, राख झाली. घराघरांतून दिवे लागले. दिवेलागणीला खेळ थांबतो हे बाळूला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आबा उठले आणि निघून गेले. संपलं, मी म्हटलं. मी तिथंच गटाराच्या काठावर बसले. बाळू फळी खांद्यावर टाकून निघाला.

तेवढ्यात आबा परत आले. हातात कंदील होता, कालव्यावरचा, काचेला लोखंडी जाळी असलेला. तो त्यांनी घासलेटच्या डब्याशेजारी धरला.

"कुटं निगाला, बाळूराव?"

"दिवे लागले की."

"पोरांचं दिवं लागलं. पानी रातीचंबी चालतंय. चालू पानी टाकून पाटकरी घरी जात न्हाय. उबा ऱ्हा."

बाळू उभा राहिला. कंदिलाच्या उजेडात त्याची सावली भिंतीवर माडीएवढी झाली. पहिलाच चेंडू त्याला दिसला नाही. डबा वाजला.

"दार पडलं!" आबा ओरडले, साऱ्या शिवारात ऐकू जावं असे. "शेपटाचं घर!"

मी उठले, थुंकले, हात चोळले, वेणी खोचली. धोपटणं हातात घेतलं, आणि ते मागून कुणीतरी धरलं. आई होती. हात डाळीनं भरलेले, पदर डोक्यावर.

"चल घरी. धोपाटनं दे."

"आई, माझं पानी हाय!"

"घरी चल म्हनते न्हवं."

आबा कंदील धरून पुढं आले. "वैनी, तुमच्या घराचं पानी हाय. पोरीला येकदा घिऊ द्या."

आई खाली बघत म्हणाली, "तिच्या बापानं न्हाय म्हनून सांगितलंय. तिला न्हाय घेता यायचं."

"व्हय. पर सुटलेलं पानी माघारी न्हाय घालता येत. वाया जाईल."

दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. आई धोपटण्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, इतक्या हळू की आबांना वाकावं लागलं:

"घरातलं कुनीबी चालतंय का?"

"कुनीबी."

"तिला मनाई हाय," आई म्हणाली. "मला आजून कुनी केलेली न्हाय."

आईनं माझ्या हातातून धोपटणं काढून घेतलं. पदर डोक्यावरून उतरवून कमरेला खोचला. नऊवारीचा काष्टा तिचा असायचाच. ती डब्यासमोर उभी राहिली, नदीवर दगडासमोर उभी राहते तशीच, पाय थोडे फाकून. मी किंचाळले, "माझं हाय! आई, माझं पानी हाय ते!" कुणाचं लक्ष नव्हतं.

बाळूनं सगळा राग काढून चेंडू फेकला. आईनं डोळे मिटले नाहीत. वाकळ दगडावर बसते तेव्हा येतो तसा आवाज आला, ओला, भरलेला. चेंडू कंदिलाच्या उजेडातून सरळ वर गेला, उजेडाबाहेर गेला. सगळ्या आळीनं माना वर केल्या. आम्ही तो पडण्याची वाट बघत होतो. कौलावर नाही, अंगणात नाही, नदीतही काही वाजलं नाही. आबा मान एका बाजूला करून ऐकत होते. मग ते पारावर जाऊन बसले, कंदील खाली ठेवला आणि डाव्या पायाची पट्टी सोडायला लागले.

मी भोकाड पसरलं. साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, घरापर्यंत. घरातही थांबले नाही. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. तिचा पदर अजून कमरेलाच होता. वडील आले, काहीतरी ऐकून आले असावेत, बाहेर ओट्यावर बसून राहिले. आत आले नाहीत.

"माझं पानी तू घेतलंस," मी म्हटलं.

"व्हय," आई म्हणाली.

"मला शेवटचं हुतं."

"मला पयलं हुतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मी भिंतीकडं तोंड करून फुगून बसले होते. या बाईशी जन्मात बोलायचं नाही, असं ठरवून झालं होतं. मग पाठीमागून आईनं विचारलं. आवाज तिचा नव्हताच. आळीतल्या एखाद्या पोरीचा असावा तसा होता.

"लई लांब गेला का गं?"

सांगायचं नव्हतं. गटारात पडला, असं तोंडाशी आलं होतं.

"न्हाय," मी म्हटलं. "खाली आलाच न्हाय आजून."